'पोझिशनल टेस्ट सूट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: "बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामची पारख करायला 'पोझिशनल टेस्ट सूट' तयार करतात. एका लेखात त्याला 'स्थानीय चाचणी संच' म्हटलं होतं, दुसऱ्यात 'स्थितीय परीक्षण संच'. बरोबर कोणतं?"

माझ्या मते दोन्ही टाळावेत. 'स्थानीय' हा हिंदीच्या वळणाचा शब्द. मराठी वाचकाला तो 'स्थानिक'च वाटणार आणि स्थानिक पातळीवर घेतलेली एखादी चाचणी डोळ्यांसमोर येणार. 'स्थितीय' व्याकरणात बसतो, पण पटाशी बसलेल्या कुणाच्या तोंडून मी तो ऐकलेला नाही. 'सूट'चं तर विचारूच नका. मराठीत सूट म्हणजे माफी किंवा सवलत, त्यामुळे 'टेस्ट सूट' वाचून चाचणीतून सुटका मिळाल्याचा आनंद व्हायचा. तिथे 'संच' चांगला आहे. प्रश्नसंच आणि उत्तरसूची हे शब्द शाळेपासून आपल्या ओळखीचे आहेत, आणि ही वस्तूही नेमकी तीच आहे: पटावरच्या निवडक स्थिती आणि प्रत्येकीसाठी ठरवून ठेवलेली खेळी. ईपीडी नावाच्या लेखनपद्धतीत एकेक स्थिती एकेका ओळीत मावते. ओळीच्या शेवटी 'बीएम' या खुणेपुढे सर्वोत्तम खेळी लिहितात, 'एएम'पुढे टाळायची खेळी. 'चाचणीसंच' म्हणा आणि जोडून लिहा.

खरी गाठ 'पोझिशनल'मध्ये आहे, कारण त्यात दोन अर्थ एकमेकांना चिकटलेत. पोझिशन म्हणजे पटावर या क्षणी कोणतं मोहरं कुठे आहे आणि खेळी कुणाची आहे ते. या अर्थानं बुद्धिबळाचा जवळपास प्रत्येक चाचणीसंच पोझिशनचाच असतो, अगदी तीन खेळ्यांत मात शोधायला लावणारासुद्धा. दुसरा अर्थ खेळाच्या शैलीचा. डावपेचांच्या, म्हणजे शह, मारामारी, दुहेरी हल्ला यांच्या जोरावर चालणारा खेळ एकीकडे, आणि मोहरी चांगल्या घरांवर बसवत, समोरच्याची कमजोर घरं हेरत, हळूहळू दाब वाढवणारा खेळ दुसरीकडे. या दुसऱ्याला पोझिशनल म्हणतात. फ्रेड राइनफेल्डच्या 'विन ॲट चेस' या पुस्तकातल्या ३०० स्थितींचा संच प्रोग्राम लिहिणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरात आहे. तो स्थितींचा संच आहे, पण पोझिशनल नाही, कारण त्यात जवळजवळ सगळे डावपेच आहेत. उलट 'स्ट्रॅटेजिक टेस्ट सूट' या संचात १५०० स्थिती आहेत, १५ विषय आणि प्रत्येकी १००. त्याच्या नावात पोझिशनल हा शब्द नाही, तरी आत सगळा मामला तोच: घोड्यासाठी भक्कम घर मिळवणं, सातव्या रांगेत हत्ती किंवा वजीर घुसवणं, राजाला कामाला लावणं, विनाकारण मारामारी न करणं.

(घोड्याच्या अशा भक्कम घराला इंग्रजीत 'आउटपोस्ट' म्हणतात. काहीजण त्याचं 'सीमाचौकी' करतात, म्हणून जाता जाता सांगतो. 'घोड्यानं डी५ वर ठाण मांडलं' हे वाक्य आपल्याकडे तयारच आहे (डी५ म्हणजे डी या उभ्या पट्टीतलं पाचव्या रांगेचं घर) आणि त्यात हलवता न येण्याचा अर्थही येतो. चौकी कशाला हवी?)

'स्थानीय'वर मी काट मारली खरी, पण त्याच कुळातला एक शब्द इथे फार उपयोगी पडतो. चौथीच्या गणितातली दर्शनी किंमत आणि स्थानिक किंमत आठवा. ५ या अंकाची दर्शनी किंमत कुठेही पाचच, स्थानिक किंमत मात्र तो एककात आहे की शतकात यावर ठरते. मोहऱ्यांचंही तसंच. प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९ ही झाली दर्शनी किंमत. प्रोग्राममध्ये स्थानिक किंमत अक्षरशः तक्त्यानं लिहिलेली असायची. शिकाऊ प्रोग्रामरांच्या आवडीच्या एका साध्या तक्त्यात प्यादं १०० धरलं की घोडा ३२०, पण कोपऱ्यात उभा असेल तर त्यातून ५० वजा आणि मधल्या चार घरांपैकी एकावर असेल तर २० अधिक. म्हणजे तोच घोडा इथे २७० आणि तिथे ३४०. पोझिशनल संच तपासतो ते हे: दर्शनी किंमत दोन्ही बाजूंना सारखी असताना प्रोग्रामला स्थानिक किंमत कळते का.

एक स्थिती जवळून पाहू. इव्हान ब्रात्को आणि डॅनी कोपेक यांचा १९८२ साली प्रसिद्ध झालेला संच या क्षेत्रात आजही पहिल्यांदा आठवतो. त्यात २४ स्थिती आहेत, १२ डावपेचांच्या आणि १२ 'लीव्हर'च्या. लीव्हर म्हणजे समोरच्या प्याद्याला भिडवून त्याची रचना उचकटणारं आपलं प्यादं. पदार्थविज्ञानातली 'तरफ' इथे बेलाशक वापरावी. प्रत्येक स्थितीला दोन मिनिटं. खेळणाऱ्यानं पसंतीक्रमानं चार खेळ्यांपर्यंत सांगायच्या. योग्य खेळी पहिल्या क्रमांकावर असेल तर पूर्ण गुण, दुसऱ्यावर अर्धा, तिसऱ्यावर एक तृतीयांश, चौथ्यावर पाव.

या संचातली दुसरी स्थिती मांडून बघा. पांढऱ्याचा राजा एफ२ वर, हत्ती सी१ आणि सी३ वर, घोडा बी३ वर, प्यादी ए४, डी४, ई४, एफ४, जी४ आणि एच५ वर. काळ्याचा राजा एफ८ वर, हत्ती डी८ आणि डी६ वर, घोडा ई७ वर, प्यादी ए५, बी६, सी६, एफ७, जी७ आणि एच६ वर. खेळी पांढऱ्याची. दोघांकडे दोन हत्ती, एक घोडा, सहा प्यादी. दर्शनी किंमत अगदी काट्यावर सारखी. ई-प्यादं ई५ वर सरकवून डी६ च्या हत्तीला हुसकावण्याचा मोह होतो, पण मग तो हत्ती डी५ वर येऊन आरामात बसतो. संचातलं उत्तर आहे डी५, म्हणजे डी४ चं प्यादं एक घर पुढे. प्यादं सरळ सी६ ला भिडवायचं. काळ्यानं सी-प्याद्यानं ते मारलं की मग ई५. आता डी५ वर काळ्याचंच प्यादं अडलेलं, त्यामुळे हत्तीला ते घर नाही. तो सी६ वर गेला तर पांढऱ्याचा हत्ती त्याला मारतो, काळ्याचा घोडा परत मारतो आणि पांढऱ्याचा दुसरा हत्ती तो घोडा खातो. ई६ वर गेला तर पांढऱ्याचा घोडा नुकत्याच मोकळ्या झालेल्या डी४ वर उतरतो आणि हत्तीला पळायला जागाच उरत नाही. राहिलं डी७. तिथे हत्ती वाचतो, पण सी-पट्टी पांढऱ्याची, डी४ वर घोड्याचं ठाण, आणि काळ्याचा घोडा घरी कोंडलेला.

आता सांगा, हे पोझिशनल की डावपेच? त्या काळच्या प्रोग्रामला प्यादं फुकट जाताना दिसायचं आणि पुढच्या खेळ्यांचं गणित त्याच्या आवाक्यात यायचं नाही, म्हणून त्याला ही खेळी समजेनेच सापडली असती. आजचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, पुढच्या खेळ्या मोजून तीच खेळी काढतं. माझ्या समजुतीप्रमाणे पोझिशनल हे स्थितीचं विशेषण नाहीच, ती मोजणाऱ्याच्या नजरेची मर्यादा आहे. जिथवर मोजता येतं तिथवर डावपेच, त्यापुढे जाण. मोजण्याची ताकद वाढली की सीमारेषा सरकते आणि कालचा पोझिशनल संच आज डावपेचांचा होऊन बसतो. २०२० साली स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिननं स्थितीच्या मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क घेतलं, तेव्हापासून स्थानिक किंमत तक्त्यात न राहता शिकून घेतलेल्या आकड्यांत गेली. त्यामुळे 'ही खेळी समजून केली की मोजून' हे विचारणं आणखी अवघड झालं.

म्हणूनच संच बनवणाऱ्यांची अर्धी मेहनत गाळण्यात जाते. निवडलेली खेळी खरंच एकमेव चांगली आहे का? दुसरीही तितकीच चालत असेल तर स्थिती बाद करायची, किंवा गुण वाटून द्यायचे. वर सांगितलेल्या १५०० च्या संचात सर्वोत्तम खेळीला १० गुण आणि बऱ्या खेळ्यांना त्याहून कमी, अशी सोय आहे. स्थितीत एखादा लपलेला डावपेच असेल तर प्रोग्राम भलत्याच कारणानं बरोबर उत्तर देतो. अशा वेळी स्थिती आपल्याला काहीच सांगत नाही. म्हणून शह किंवा मारामारी नसलेल्या खेळ्या पसंत करतात. त्यांना 'शांत खेळ्या' म्हणायला हरकत नाही. उत्तर पहिल्या सेकंदाला सापडलं आणि पाचव्याला हातचं सुटलं, तर ते धरायचं का, हेही आधी ठरवावं लागतं. सर्वात चिवट अडचण उत्तरसूचीची. ती एखाद्या बलाढ्य इंजिनकडून तपासून घेतली तर पुढे प्रत्येक प्रोग्रामची परीक्षा ही त्या इंजिनशी किती जुळतो एवढीच उरते. परीक्षकच पेपर लिहिणाऱ्यांचा भाऊबंद. आता प्रोग्राममधला छोटासा बदल चांगला की वाईट हे ठरवायला संचाऐवजी हजारो डाव खेळवून निकाल बघतात. तरी प्रोग्राम नेमका कुठे कच्चा आहे हे कळायला विषयवार संच लागतोच.

तर शब्द. पटावरच्या पोझिशनला 'स्थिती' ठेवा, आणि अशा कोणत्याही संचाला 'स्थितिसंच'. समासात ति ऱ्हस्व, एकट्या शब्दात ती दीर्घ. शैलीच्या अर्थानं मी 'मांडणी' वापरीन. 'मांडणीचा खेळ', 'मांडणीची जाण' हे कानाला परकं वाटत नाही आणि डावपेचांशी त्याची जोडी जमते. 'व्यूहात्मक' कशाला नको? व्यूहात लांबचा बेत येतो, आणि मांडणीची चांगली खेळी पुष्कळदा बेतासाठी नसून फक्त एका आळशी उंटाला चांगलं घर देण्यासाठी असते. 'स्थितिज' चाही मोह मला पडला होता, कारण अजून कामाला न लागलेल्या साठवलेल्या फायद्याचं वर्णन त्यात छान होतं. पण स्थितिज म्हटलं की वाचकाच्या मनात ऊर्जाच येते.

अशा संचांवरच्या लेखाला शीर्षक द्यायचं तर ते असं होईल: 'इंजिनाची मांडणीची जाण तपासणारे स्थितिसंच'. लांब वाटलं तर 'मांडणी-चाचणीसंच'. आणि गप्पांमध्ये बिनदिक्कत 'पोझिशनल' म्हणा, खेळणारे तेच म्हणतात. फक्त लेखात पहिल्यांदा आला की दोनपैकी कोणता अर्थ, ते एका वाक्यात सांगून टाका.