१९६९ ची ले मान्स: निकालाआधी सुरुवात वाचावी

स्पोर्ट्सकार शर्यतींचा इतिहास नव्याने वाचू पाहणाऱ्याने कोणत्या शर्यतीपासून आरंभ करावा, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर १९६९ सालची, फ्रान्समधील ले मान्स येथील २४ तासांची शर्यत (जीत एक गाडी चालक आळीपाळीने चालवतात) हे आहे. ती सहसा अटीतटीच्या शेवटासाठी सांगितली जाते. माझ्या मते मात्र तिचे खरे महत्त्व पहिल्या मिनिटात आहे.

त्या काळी गाड्या पिटसमोर (इंधन भरण्याच्या व दुरुस्तीच्या जागेसमोर) तिरक्या उभ्या असत आणि चालक रस्त्याच्या पलीकडे. झेंडा पडला की धावत यायचे, गाडीत उडी घ्यायची आणि सुटायचे. सीटबेल्ट बांधण्यात जाणारे काही सेकंद वाचवण्यासाठी अनेक जण तो न लावताच निघत आणि पहिल्याच फेरीत, लांब सरळ पट्ट्यावर ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगात, तो बांधायची खटपट करत. आदल्याच वर्षी, १९६८ मध्ये, विली मैरेस या चालकाच्या गाडीचे घाईत नीट न लागलेले दार वाटेत उघडले आणि त्या अपघाताने त्यांची कारकीर्द संपली.

१९६९ मध्ये चोवीस वर्षांचे जॅकी इक्स धावलेच नाहीत. ते चालत गाडीपाशी गेले, त्यांनी शांतपणे बेल्ट बांधला आणि सर्वांत शेवटी निघाले. हा उघड निषेध होता, आणि तो किती रास्त होता हे त्याच फेरीत दिसले: मार्गावरील मेझाँ ब्लांश या भागात जॉन वुल्फ यांची पोर्शे ९१७ उलटली, बेल्ट न लावलेले वुल्फ बाहेर फेकले गेले आणि मरण पावले. त्यांच्या गाडीची इंधनाची टाकी ख्रिस अमन यांच्या फेरारीखाली सापडून ती फेरारीही पेटली.

पुढे बराच काळ एल्फर्ड आणि अ‍ॅटवूड यांची नवी ९१७ आघाडीवर होती. शेवटचे काही तास उरले असताना ती बिघडली. मग उरले इक्स आणि पोर्शे ९०८ मधले हान्स हेरमान. इक्स व जॅकी ऑलिव्हर यांची फोर्ड जीटी४० आता जुनी गणली जात होती, शिवाय हीच गाडी, चासी (सांगाडा) क्रमांक १०७५, आदल्या वर्षीही जिंकली होती. हेरमान यांचे ब्रेक झिजले होते. सरळ पट्ट्यावर इक्स त्यांना मुद्दाम पुढे जाऊ देत आणि त्यांच्या गाडीमागच्या हवेच्या ओढीचा लाभ घेऊन पट्टा संपण्याच्या बेतात पुन्हा पुढे निघत. (दमवणाऱ्या चोवीस तासांनंतर इतका नेमका हिशेब ठेवणे मला आजही थक्क करते.) सुमारे पाच हजार किलोमीटर धावून इक्स साधारण १२० मीटरने जिंकले.

सर्वांत शेवटी निघालेला चालक पहिला आल्यावर बेल्टमुळे वेळ वाया जातो हा युक्तिवाद टिकणार नव्हता. १९७० मध्ये चालक बेल्ट लावून गाडीतच बसले आणि १९७१ पासून धावत्या गाड्यांनी सुरुवात होऊ लागली. यानंतर आपण १९७० ची शर्यत वाचावी: तीत हेरमान यांनी अ‍ॅटवूड यांच्यासह पोर्शेला ले मान्समध्ये सर्व गटांत मिळून पहिले येण्याचे पहिले विजेतेपद मिळवून दिले आणि त्यानंतर शर्यतींतून निवृत्ती घेतली.