रोख्याचा आणि फ्लॅटचा काय संबंध?

प्रश्न : मी कोल्हापुरात टी. वाय. बी. कॉम.ला आहे. पप्पा कळंब्याकडचा प्लॉट विकून त्या पैशातून दोन फ्लॅट घ्यायचे आणि भाड्यानं द्यायचे म्हणतात. मी म्हटलं, आधी सरकारी रोख्यांवर किती मिळतं ते तरी बघू. ते म्हणाले, "रोख्याचा आणि फ्लॅटचा काय संबंध?" मला नीट सांगता आलं नाही. संबंध असतो का? आणि या विषयात करिअर होतं का?

उत्तर : संबंध आहे, आणि तो आकड्यांत मांडून दाखवणाऱ्यालाच या क्षेत्रात नोकरी मिळते. म्हणून आधी हिशेबच करू.

रोखा म्हणजे सरकार लोकांकडून कर्ज घेतं त्याचा कागद. केंद्र सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावर मिळणारा परतावा हा रुपयातला सगळ्यात कमी जोखमीचा परतावा मानतात. गेल्या काही वर्षांत तो साधारण 6 ते 7.5 टक्क्यांच्या पट्ट्यात राहिला आहे. आता समज, फ्लॅट 60 लाखांचा आणि भाडं महिना 15,000. वर्षाचे झाले 1,80,000, म्हणजे 3 टक्के. घरफाळा, मेंटेनन्स आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा केला की हातात अडीच टक्के उरतात. तेच 60 लाख साडेसहा टक्क्यांच्या रोख्यात घातले तर वर्षाला 3,90,000 येतात. मधली चार टक्क्यांची तूट फ्लॅटच्या भाववाढीतून, दरवर्षी, भरून निघायला हवी. रोख्याचा परतावा साडेसात झाला की हीच तूट पाच टक्क्यांवर जाते. पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर या एका टक्क्यात आहे.

दुकानगाळ्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. राजारामपुरीतल्या एखाद्या गाळ्याचं खर्च वजा जाता भाडं वर्षाला 6 लाख धर. घेणाऱ्याला 8 टक्के परतावा पुरत असेल तर तो 75 लाख देईल. रोख्यावर जास्त मिळू लागलं म्हणून तो 9 टक्के मागू लागला, तर त्याच गाळ्याची किंमत 67 लाखांच्या आत येते. भाडं मात्र एक रुपयानंही कमी झालेलं नसतं.

पण एवढ्यावरून "परतावा वाढला की जागा पडते" असं पाठ करू नकोस. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजानं थोड्या मुदतीसाठी पैसे देते तो दर) 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. बहुतेक गृहकर्जं रेपोला जोडलेली असल्यानं हप्ते लगेच वाढले, तरी मोठ्या शहरांत घरांची विक्री जोरात राहिली. 2022 मध्ये दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा मात्र साडेसहाच्या आसपासून साडेसातच्या थोडा वर जाऊन थांबला, कारण त्याची नजर पुढच्या महागाईवर असते. महागाईमुळे परतावा वाढत असेल तर भाडंही वाढू शकतं. परतावा का वाढतोय हे विचारणारा विद्यार्थी मला नुसता दर पाठ असणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तयार वाटतो.

शिवाय जागेची जोखीम जागेवर जाऊनच कळते. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरानंतर घर बघायला गेलेला माणूस आधी विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" पूररेषेतल्या फ्लॅटवर रोख्यापेक्षा बरंच जास्त मिळायला हवं. किती जास्त, हे कुठल्याच वेबसाइटवर सापडणार नाही. शाहूपुरीत, उचगावात, आर. के. नगरात फिरून भाडी आणि भाव विचारलेस तर तुझं तुलाच ठरवता येईल. कोल्हापुरात राहण्याचा तुला हा खरा फायदा आहे, तो सोडू नकोस.

पप्पांना एक गोष्ट मात्र आजच सांग. प्लॉट विकून घर घेतल्यावर भांडवली नफ्यावर जी करसवलत मिळते, ती एकाच घरापुरती असते. दोन फ्लॅटचा व्यवहार करण्याआधी सीएकडे जायलाच हवं.

आता करिअर. जमीन आणि इमारतींचा नोंदणीकृत मूल्यांकनकार व्हायला सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचनेसारखी पदवी लागते, त्यामुळे बी. कॉम.वरून तो रस्ता सरळ नाही. तुझे रस्ते म्हणजे सीए, सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाची आंतरराष्ट्रीय परीक्षा) किंवा फायनान्समधलं एमबीए, आणि पुढे बँकेचा कर्जविभाग, गृहवित्त कंपनी, पतमानांकन संस्था, बिल्डरचा वित्तविभाग किंवा रीट, म्हणजे लोकांच्या पैशातून भाड्याच्या इमारती घेऊन त्यांचे हिस्से (युनिट) शेअरसारखे विकणारा ट्रस्ट. भारतात पहिला रीट 2019 मध्ये शेअर बाजारात आला. त्याच्या युनिटचा भाव रोज दिसतो आणि अहवाल फुकट मिळतात. रोखे आणि इमारती यांचं नातं रोजच्या आकड्यांत बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. सीए करणार असशील तर आर्टिकलशिपला (सीएच्या ऑफिसातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला) बांधकाम व्यावसायिकांचं काम बघणारं ऑफिस निवड.

तोवर एक्सेलमध्ये एक तक्ता सुरू कर : दर महिन्याचा दहा वर्षांचा परतावा, रेपो दर, आणि तू स्वतः विचारून आणलेली दहा फ्लॅटची किंमत व भाडं. सहा महिन्यांनी मुलाखतीला जाशील तेव्हा मार्कशीटबरोबर तो तक्ताही ने.