परी म्हणजे देवदूत नव्हे

लेकीचं नाव 'परी' ठेवायचं चाललंय. नावांच्या एका यादीत त्याचा अर्थ 'देवदूत, एंजल' असा दिलाय आणि घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, हा शब्द इंग्रजी 'फेअरी'वरून आलाय. तर खरं काय, असा एका आईचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत. नाव मात्र सुरेख आहे, जरूर ठेवा.

'परी' हा फारसी शब्द. 'फेअरी'चं मूळ लॅटिनमधल्या 'फाता' या शब्दात, म्हणजे दैव किंवा नियती. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत गेला. उच्चार जवळचे वाटतात, पण नातं काही नाही. फारसीत 'पर' म्हणजे पीस, पंख (आपल्या 'पर्ण'चा तो सख्खा भाऊ), म्हणून पंखवाली ती परी, असंही कुणी सांगतं. तेही ओढूनताणून जुळवलेलं आहे.

परीचं सर्वांत जुनं रूप अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात सापडतं, ते 'पैरिका'. ही पैरिका गोड वगैरे अजिबात नाही, ती चेटकीण आहे. तिश्त्र्य, म्हणजे आपला व्याधाचा तारा, पाऊस आणणारा देव. तो पैरिकांशी लढतो, आणि या पैरिका आकाशातून उल्कांसारख्या पडतात. त्यांच्यातल्या एकीचं नाव आहे दुझ्यायर्या. यातलं 'दुझ्' म्हणजे आपलं 'दुः', आणि पुढचा भाग वर्षवाचक. वाईट साल, थोडक्यात दुष्काळ! पुढे शतकं लोटली, धर्म बदलला आणि फारसी कवितेत हीच परी पंख असलेली, मन मोहून टाकणारी सुंदरी झाली. आज मुंबईतल्या पारशी घरांतही 'परीझाद' म्हणजे 'परीची लेक' हे नाव हौसेनं ठेवतात. ज्यांच्या धर्मग्रंथात ती चेटकीण, त्यांच्याच घरात ती लाडकी, हे मला फार विलक्षण वाटतं.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. यास्काने निरुक्त या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात अप्सरेचा अर्थ 'अप्सारिणी' असा दिलाय, म्हणजे पाण्यात संचार करणारी. ही स्वर्गातली नर्तकी मराठी मुलखात विहिरीवर आणि डोहावर आली आणि 'आसरा' झाली. साती आसरा म्हणून सात दगडांना शेंदूर लावतात, हळदकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या ठेवतात. आणि त्यांना भितातही. 'तिन्हीसांजेला डोहाकडे जाऊ नको, आसरांची बाधा होईल' असं गावाकडे पोरांना बजावलं जातं. (आश्रय या अर्थाचा 'आसरा' निराळा, त्याचा अप्सरेशी संबंध नाही.)

आता देवदूत. ग्रीक 'आंगेलोस' म्हणजे साधा निरोप्या. बायबलच्या ग्रीक भाषांतरात हिब्रू 'मलाख'साठी, म्हणजे देवाच्या दूतासाठी, तो शब्द वापरला गेला आणि त्यावरून एंजल, अँजेला, अँजेलिना ही सगळी नावं आली. अरबीत 'मलक' म्हणजे देवदूत आणि त्याचं अनेकवचन 'मलायका'. म्हणजे एकाच मुलीच्या नावात देवदूतांचा अख्खा मेळा. 'मलिका' म्हणजे राणी, तो शब्द वेगळ्या धातूचा. यादीवाले दोघींची गल्लत करतात.

माझा सगळ्यात आवडता शब्द फरिश्ता. त्याचा मूळ अर्थ 'पाठवलेला'. सुरुवातीचा 'फ्र' म्हणजे आपला 'प्र', आणि पुढे 'इष्' हा धातू. मराठीत पैगंबरांना आपण 'प्रेषित' म्हणतो, त्यातही हीच जोडी आहे. ऋग्वेदात इंद्राची कुत्री सरमा गाई पळवणाऱ्या पणींना सांगते, 'इन्द्रस्य दूतीरिषिता चरामि', इंद्राची दूती म्हणून पाठवलेली मी फिरते आहे. त्या 'इषिता'त फरिश्त्याचा धातू लख्ख दिसतो. अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेला आणि 1589 मध्ये विजापूरला गेलेला इतिहासकार मोहम्मद कासिम यानेही 'फरिश्ता' हेच टोपणनाव घेतलं होतं. इराणमध्ये फरेश्ते हे मुलीचं नाव म्हणून सर्रास ठेवतात.

थोडक्यात, निरोप घेऊन येतो तो देवदूत. परी कुणाचा निरोप आणत नाही, तिची ओळख रूपाची. हाच अर्थ संस्कृत वळणाच्या नावात हवा असेल तर अप्सरांपैकी उर्वशी, तिलोत्तमा आहेतच. आणि ज्ञानेश्वरीतलं 'परि अमृतातेंही पैजा जिंके' कुणी पुढे केलं, तर तिथला 'परि' म्हणजे 'पण', हे सांगून टाका. बारशाच्या पत्रिकेत नावाचा अर्थ छापणार असाल तर 'पंख असलेली सुंदरी' असा छापा.