हृदयाचे एमआरआय मोजायला शिकताना

सांगलीत घरबसल्या हे मोजमाप शिकायला जमेल का म्हणतोस? जमतंय की! मिरजेच्या हॉस्पिटलांत स्कॅन मागत फिरू नकोस, परवानग्यांतच वर्ष जाईल. ‘एसीडीसी’ हा संशोधनासाठी खुला असलेला हृदयाच्या एमआरआयचा संच घे: फ्रान्समधल्या दिजों इथले 150 रुग्ण, तज्ज्ञांनी आखलेल्या हृदयाच्या कप्प्यांच्या कडांसकट. सॉफ्टवेअर एकच धर, थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स.

आधी फक्त डावं निलय, म्हणजे शरीराला रक्त पंप करणारा खालचा कप्पा. पूर्ण भरलेलं आणि पूर्ण आकसलेलं, अशा दोनच फ्रेममध्ये आतली कड हाताने आख आणि तज्ज्ञांच्या कडेशी ताडून बघ. कडा आपोआप आखणारं एआयचं बटण नंतर.

नवे लोक इथे हमखास फसतात:

- स्लाइसची (स्कॅनमधल्या एकेका आडव्या कापाची) जाडी 8 मिमी आणि मधली फट 2 मिमी असेल, तर हिशोबात 10 धरायचे. 8 धरलेस तर घनफळ 20 टक्के कमी येतं. गंमत म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन (भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर फेकलं जातं ते) तरीही बरोबरच निघतं, कारण ते गुणोत्तर. त्यामुळे चूक लपून राहते.
- झडपेजवळची स्लाइस. आकुंचनात झडप खाली सरकते, मग तीच स्लाइस अलिंदात (वरच्या कप्प्यात) जाते. तिथे निलय मोजू नकोस.
- पॅपिलरी स्नायू (निलयाच्या आत डोकावणारे, झडपेला धरणारे छोटे स्नायू) आत धर नाहीतर बाहेर, पण सगळीकडे एकच नियम.

स्ट्रेन, टी1 मॅपिंग असली पुढची मोजमापं आत्ता विचारूच नकोस. पहिल्या दहा रुग्णांचे आकडे पाठव, मग बोलू.