मोजलेत ना, मग एक आकडा सांगा की!

प्रश्न: सर, जंगली प्राण्यांच्या संख्येबद्दल वाचलं की 'अंदाजे 300, म्हणजे 240 ते 380 च्या मधे' असं काहीतरी असतं. ड्रोन, सॅटेलाइटचा जमाना आहे, तरी एक आकडा का देत नाहीत? आणि गेल्या वर्षी 200 होते, यंदा 240, म्हणजे वाढले ना? की हे लोक नुसते ठोकून देतात?

उत्तर: ठोकून नाही देत हो! अडचण अशी की प्राणी हजेरीला उभे राहत नाहीत, काही झाडाखाली, काही बिळात, काही तुमची चाहूल लागली की पसार, त्यामुळे जेवढे दिसले तेवढेच आहेत असं धरलं तर फसलात. न दिसलेले किती, खरं काम तिथेच. सॅटेलाइटचं म्हणाल तर एम्परर पेंग्विन तसे मोजलेत, 2012 साली अंटार्क्टिकात 46 वसाहती सापडल्याचं जाहीर झालं, पण ते पांढऱ्या बर्फावर काळे पक्षी, दाट झाडीत वरून काय दिसणार!

मग जुनी युक्ती. डेन्मार्कच्या पीटरसन या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1890च्या दशकात माशांवर खुणा करून हे सुरू केलं, 1930 मध्ये अमेरिकेत लिंकन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञांनी बदकांच्या पायातल्या कड्यांवरून तसाच हिशोब मांडला. समजा 60 उंदीर पकडले, खूण केली, सोडले. काही दिवसांनी परत 50 पकडले, त्यातले 10 खुणेचे निघाले. म्हणजे पाचात एक खुणेचा, आणि खुणेचे एकूण 60, तर सगळे मिळून साधारण 300. झालं!

पण झालं कुठे? यात धरलंय की प्रत्येक उंदीर सापडायची शक्यता सारखीच आहे, आणि उंदरांना हे कुणी सांगितलेलं नसतं. एकदा पिंजऱ्यात घाबरलेला परत फिरकत नाही. मग 10 च्या जागी 5 च खुणेचे मिळाले की उत्तर थेट 600! उलट काहींना आतल्या खाऊची चटक लागते, ते रोज हजर, खुणेचे 20 मिळाले तर उत्तर 150. उंदीर तेवढेच, आकडा चौपट इकडे-तिकडे. शिवाय नुसत्या योगायोगानेही खुणेचे थोडे कमी-जास्त सापडतातच, म्हणून दोन टोकं देतात, आणि मला तरी नुसता एक आकडा दिला की तोच खोटा वाटतो.

वाघ, झेब्रा यांना पकडायचीही गरज नाही, प्रत्येकाचे पट्टे वेगळे, म्हणून कॅमेऱ्यातला फोटो हीच खूण. तरी जो कॅमेऱ्यासमोर आलाच नाही त्याचा हिशोब करावाच लागतो.

आता 200 चे 240. दोन्ही वर्षांची टोकं एकमेकांत शिरत असतील, समजा 160 ते 250 आणि 195 ते 295, तर वाढले असं छातीठोक म्हणता येत नाही. शिवाय यंदा कॅमेरे जास्त लावले होते का तेही विचारा, कारण निव्वळ दिसलेलेच मोजले असतील तर जास्त कॅमेऱ्यात जास्त दिसणारच. हत्तींची तर कधी कधी लीद मोजतात, आणि पाऊस जोरात झाला की लीद लवकर विरते, ते लक्षात घेतलं नाही तर कागदावर हत्ती कमी होतात आणि जंगलात तेवढेच असतात.