टाका नाही, मग शिवलं काय?

प्रश्न : केळीची गाडी घेऊन रावेरहून निघालेला धाकटा भाऊ पुढच्या ट्रॉलीवर आदळला. स्टिअरिंग छातीत बसलं, महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटली. डॉक्टरांनी जांघेतूनच काम केलं. आई विचारते, 'छातीवर टाका नाही, मग शिवलं काय?' (एक वाचक, सावदा)

उत्तर : आईंना सांगा, शिवलं नाही, आतून अस्तर लावलं. जाळीची कापडी नळी जांघेतल्या रक्तवाहिनीतून वर नेऊन फाटल्या जागी उघडतात. मी शिकत होतो तेव्हा डावी छाती उघडून, महाधमनीला चिमटा लावून कृत्रिम तुकडा शिवत. तेवढ्यात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटला तर पाय कायमचे लुळे पडत. आता तो धोका पुष्कळ कमी, मृत्यूही कमी. कटकट एकच : अस्तर सरकलं का, गळतंय का, यासाठी वर्षानुवर्षं सीटी स्कॅन. केळी कापणीला आली म्हणून तारीख चुकवू देऊ नका त्याला.