टिम बर्टनचा ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ हॅलोविनला बघायचा की नाताळला? सहा वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

हेन्री सेलिकचा. तुमच्या प्रश्नातलं पहिलंच नाव चुकलंय आणि ते दुरुस्त केल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. या पिक्चरचा दिग्दर्शक हेन्री सेलिक आहे. १९९३ साली पिक्चर आला तेव्हा नावाच्या आधीच ‘टिम बर्टन्स’ असं लावलेलं होतं, त्यामुळे चूक तुमची म्हणता येत नाही. पण तीस वर्षं उलटून गेली तरी या पिक्चरचे कट्टर चाहतेसुद्धा सर्रास ‘बर्टनचा पिक्चर’ म्हणतात, आणि सेलिकचा २००९ चा ‘कॉरलाइन’ पण उचलून बर्टनच्याच खात्यात टाकतात. मला याचा खरंच त्रास होतो.

काम कसं झालं ते बघा. बर्टन ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेत ॲनिमेटर होता, तेव्हा त्याने या गोष्टीची कविता लिहिली आणि जॅकची चित्रं काढली. जॅक म्हणजे पिक्चरचा नायक, हॅलोविन या भुताखेतांच्या सणाच्या गावातला सांगाडा. पिक्चर प्रत्यक्ष बनत होता तेव्हा तो बॅटमॅनच्या दुसऱ्या भागात गुंतलेला होता. इकडे सॅन फ्रान्सिस्कोत सेलिक आणि शंभरावर माणसं तीन वर्षं बाहुल्या हलवत होती. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. बाहुली केसभर हलवायची, फोटो घ्यायचा, परत हलवायची. आठवड्याचं काम संपलं की हातात साधारण एक मिनिटाचा पिक्चर यायचा. जॅकच्या चेहऱ्यावरचे भाव बदलायला चारशेच्या आसपास वेगवेगळी डोकी घडवली होती, एक काढायचं, दुसरं बसवायचं. सॅली ही गोष्टीची नायिका, शिवलेली कापडी बाहुली; तिचं अख्खं डोकं बदललं तर तिचे लांब केस विस्कटले असते, म्हणून तिचा नुसता चेहरा मुखवट्यासारखा बदलायचे. सेटच्या जमिनीत चोरदारं ठेवलेली होती, त्यातून ॲनिमेटर छातीपर्यंत वर यायचा, बाहुलीला हात लावायचा आणि परत खाली जायचा. पिक्चर ७६ मिनिटांचा आहे. गुणाकार करून बघा, एक लाखाच्या वर चौकटी होतात.

आता मला हे एवढं का लागतं, ते सांगते.

माझे बाबा इथे इंदूरला एका मिलमध्ये फिटर होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्याकडे मिलींच्या झांक्या निघतात. पुण्याचे लोक देखावा म्हणतात, पण देखावा मांडवात बसून असतो आणि आमची झांकी रस्त्यावरून चालते. जेल रोड, राजवाडा, रात्रभर. पुढे आखाडे, मागे झांक्या, आणि दोन्ही बाजूंच्या ओटल्यांवर संध्याकाळपासून जागा धरून बसलेली माणसं. शंभर वर्षांची परंपरा आहे. मिली बंद पडल्या तरी मजुरांनी झांक्या बंद होऊ दिल्या नाहीत.

झांकीतल्या बाहुल्या हलतात. आत बांबूचा सांगाडा असतो, त्यात गवत भरलेलं, वरून कापड आणि कागदाचा लगदा, आणि पोटात मोटर. मोटरची गरारी सायकलच्या चेनने फिरते आणि तिच्यावरच्या वेड्यावाकड्या चकतीने हात वर-खाली होतो. हे सगळं बाबा करायचे. मी सातवीत असताना त्यांनी कुंभकर्ण केला. झोपलेला, आणि मध्येच डोळा उघडून बघणारा. डोळा उघडायचा बरोबर, पण मिटताना पापणी पेटीचं झाकण पडावं तशी खट्कन पडायची. बाबा म्हणाले, असं कोणी झोपत नाही. अकरा रात्री ते त्या एका पापणीपाशी होते. मी डबा घेऊन जायची तेव्हा ते समोर बसून स्वतःचा डोळा हळूहळू मिटून बघत असायचे. शेवटी त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून पापणीच्या मागे लावली. रबर ताणलं गेलं आणि पापणी जड झाल्यासारखी खाली आली, मध्ये जराशी अडली, आणि मिटली. त्या रात्री राजवाड्यापाशी झांकी पोचली तेव्हा माझ्या शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, ‘अरे, हा तर खरंच झोपला.’

त्या वर्षी झांकीला बक्षीस मिळालं. ते घ्यायला स्टेजवर गेले ज्यांनी ‘यंदा कुंभकर्ण करू’ असं म्हटलं होतं ते साहेब. नाव त्यांचं पुकारलं गेलं. बाबा खाली गर्दीत उभे राहून टाळ्या वाजवत होते. घरी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, ‘पापणी लांबून दिसत होती का गं?’

बऱ्याच वर्षांनी मी हा पिक्चर सीडीवर पाहिला. सॅली खिडकीतून उडी टाकते, तिची शिवण उसवते, आतून वाळलेली पानं बाहेर येतात, आणि ती सुईदोरा घेऊन स्वतःला परत शिवते. मला एकदम मिलचं गोदाम आठवलं, दाभणाने शिवलेले दंड आणि फटीतून डोकावणारं गवत. तेव्हापासून हा माझा पिक्चर आहे. कोणी म्हणतं त्यातली प्रेमकथा उगीच जोडलेली आहे, कोणी म्हणतं उत्तरार्ध घाईत उरकलाय. प्रेमकथेबद्दल मला मान्य आहे, जॅकचं सॅलीकडे खरं लक्ष अगदी शेवटी जातं. पण सॅलीला कच्चं पात्र म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. पूर्ण गावात पुढचं दिसतं ते तिला एकटीला, आणि तिचं कोणी ऐकत नाही.

गेल्या भाऊबिजेला माझा चुलतभाऊ घरी आला होता. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि मी भाचीला हा पिक्चर लावून दिला. ती तुमच्या मुलीएवढीच आहे. दादा सोफ्यावर होता. पिक्चर संपला, नावं सुरू झाली आणि ती म्हणाली, ‘हे सगळं कोणी हलवलं?’ दादाने रिमोट उचलला, ‘टिम बर्टनने’ म्हणाला आणि नावं घालवून मॅच लावली.

मी म्हटलं, दादा, नावं येऊ दे. तो म्हणाला, कशाला, दोनशे लोकांची नावं कोण वाचतं. मी सेलिकचं सांगितलं, डोक्यांचं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, ‘हे बघ, कल्पना ज्याची वस्तू त्याची. बाकीचे सगळे हात.’ आणि वर म्हणाला, ‘काकांचं पण तू दरवेळी तेच काढतेस. काकांनी काम चांगलं केलं, नाही कोण म्हणतंय? पण कुंभकर्ण सुचला कोणाला?’

कुंभकर्ण रामायणात आहे, दादा. तो कोणालाही सुचेल. ट्यूबची पट्टी सुचायला अकरा रात्री लागल्या. हे मला त्या दिवशी बोलता आलं नाही, वहिनी समोर होत्या आणि सण होता. म्हणून इथे लिहितेय.

भाची दोन दिवस माझ्याकडे राहिली. अंगणात किल्ला केलेला होताच. मी म्हटलं, चल, आपण मावळा हलवू. बाबांनी उरलेल्या लगद्याचा आणि बांधायच्या तारेचा एक मावळा केला होता, तो मी दरवर्षी किल्ल्यावर ठेवते. त्याचे हातपाय वाकतात. मोबाईल दोन डब्यांच्या मध्ये अडकवला आणि रबराने बांधून टाकला. आम्ही सेकंदाला बाराच फोटो धरले. मावळ्याने पायऱ्या चढून बुरुजावर जायचं, बस, एवढंच. पहिल्या संध्याकाळी चार पायऱ्या झाल्या. तिचा फ्रॉक दोनदा किल्ल्याला लागला, एकदा माझी सावली आली, ते फोटो काढून टाकावे लागले. दुसऱ्या दिवशी उरलेलं पूर्ण केलं आणि सगळं जोडून पाहिलं, तर मावळा पाचव्या पायरीवर पाय ठेवतो आणि आजूबाजूचे अळीव एकदम बोटभर उंच होतात! रात्रीतून उगवले होते, आमच्या लक्षातच आलं नव्हतं. भाची ते बघून नाचायला लागली. पिक्चर भरला आठ सेकंदांचा. तिने मोजून ठेवलं होतं, तिने मावळ्याला ९६ वेळा हात लावला. शेवटी तिने वहीच्या कागदावर नावं लिहिली आणि त्याचाही फोटो घातला: हलवला, खाली तिचं नाव; मोबाईल, आत्या; मावळा, मोठे आजोबा. बाबांचं नाव तिला माहीत नव्हतं, मी सांगितल्यावर तिने ते शेजारी लिहिलं.

दादा घ्यायला आला तेव्हा त्याने ते तीनदा पाहिलं. काही बोलला नाही.

आता तुमचं. हॅलोविनला की नाताळला? सेलिकने स्वतः सांगितलंय की हा हॅलोविनचा पिक्चर आहे, कारण माणसं हॅलोविनची आहेत आणि नाताळ समोर आल्यावर त्यांचं काय होतं याची ही गोष्ट आहे. मला ते पटतं. पण गोष्ट ३१ ऑक्टोबरच्या रात्री सुरू होऊन नाताळच्या सकाळी संपते, तेव्हा मधल्या कुठल्याही दिवशी बघा. आपल्याकडे दिवाळीनंतर आकाशकंदील अजून उतरवलेला नसतो, ते दिवस याला सगळ्यात छान.

‘सणासुदीला भुतंखेतं कशाला’ असं घरात कोणी म्हटलं तर ऐकू नका. नरकचतुर्दशीला पहाटे आपण कारीट पायाखाली चिरडतो तो नरकासुरच की! आणि इथे माळव्यात ऐन पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा काढतात, फुलं लावतात, रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटच्या दिवशी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती, घालतात. पितर आणि पोरींचा सण एकाच पंधरवड्यात. आपल्या मुलांना हे दोन्ही एकत्र बघायची सवय आहे.

सहा वर्षांची मुलगी बघू शकते. डिस्नेलाच तेव्हा वाटलं होतं की मुलांना हे फार काळोखं होईल, म्हणून त्यांनी पिक्चर टचस्टोन या आपल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली काढला. माझ्या भाचीला सांगाडे, चेटकिणी, झाडाला गिळणारा साप, कशाचीच भीती वाटली नाही, झीरो नावाचा भूत-कुत्रा तर तिला घरी हवा होता. ती घाबरली एकाच ठिकाणी, शेवटी खलनायक ऊगी बूगीचा गोणपाट उसवतो आणि आतून किडे सांडतात तिथे. त्या वेळी शेजारी बसा. मुलगी किड्यांना फारच घाबरत असेल तर अजून एक वर्ष थांबा. आणि गाणी इंग्रजीत आहेत, भराभर आहेत, मध्ये मध्ये गोष्ट सांगावी लागेल.

एक गोष्ट मात्र मला मान्य करायला हवी. बर्टनशिवाय हा पिक्चर झालाच नसता. जॅकची ती लांबलचक काडीसारखी आकृती त्याची, निर्माता तो होता, आणि त्याच्या नावामुळेच स्टुडिओने एवढे पैसे लावले. डॅनी एल्फमनची गाणी काढून टाकली तर अर्धा पिक्चर जातो, जॅकचा गाणारा आवाजही त्याचाच आहे. मी बर्टनचं काही काढून घ्यायला सांगत नाही. त्या वर्षी ऑस्करच्या दृश्य परिणामांच्या यादीत हा पिक्चर होता आणि ‘ज्युरासिक पार्क’च्या कंप्युटरच्या डायनोसॉरांपुढे हरला, त्याचंही मला काही नाही, डायनोसॉर चांगलेच होते. साहेबांनीसुद्धा त्या रात्री बक्षीस घ्यायला हरकत नव्हती. नुसतं वळून बाबांना वर बोलवायचं होतं.

तेव्हा मुलीला दाखवाल तेव्हा रिमोट तुमच्याजवळ ठेवा. हल्ली नावं सुरू झाली की ती बारीक होतात आणि दुसराच पिक्चर सुरू होतो, ते थांबवा. ‘ॲनिमेटर’ हा शब्द आला की तिथे बोट ठेवून तिला सांगा, हलवलं ते यांनी. ती विचारेलच.